अष्टशील, साखरेची गोळी आणि बीटा पेशी

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने आपल्या विहारांतून वर्षावासाची लगबग असते. सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पौर्णिमेला व अष्टमीला उपासिका शुभ्र वस्त्रे परिधान करून अष्टशील ग्रहण करतात. त्यातील सहावे शील विकालभोजनापासून अलिप्त राहण्याचे आहे. मध्यान्हीनंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत अन्न घ्यावयाचे नाही. या आचरणाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. परंतु ज्यांना मधुमेह आहे आणि त्यासाठी जे गोळी किंवा इंजेक्शन घेतात, अशा उपासक-उपासिकांशी आम्हाला आज या पानावरून थोडे बोलावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. वाणिज्य शाखा शिकलेले आणि कचेरीत कारकुनी करणारे आहोत. तरीही बोलतो आहोत, याला कारण आहे.

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात ग्रंथवाचन चालू असताना एक मावशी अचानक असंबद्ध बोलू लागल्या. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या. कपाळावर घाम, हात थरथरणारे. सकाळी त्यांनी अष्टशील घेतले होते. दुपारच्या आत थोडेसे जेवल्या होत्या आणि साखरेची गोळी मात्र न चुकता घेतली होती. कोणी म्हणाले, "उन्हाचा त्रास झाला." एका बाईने पिशवी उघडून गोळ्यांची पट्टी काढली. "हिची साखर वाढली असणार, आणखी एक गोळी द्या." एवढ्यात नर्सिंग शिकणारी वस्तीतील एक मुलगी पुढे आली. "थांबा काकू, आधी तपासू या." विहारातल्या आरोग्य शिबिरासाठी वर्गणीतून घेतलेले साखर मोजण्याचे यंत्र कपाटात होते. आकडा आला 48. मावशींना गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा 82 झाला आणि मावशींनी आम्हाला नावाने हाक मारली. रिक्षाने दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी त्यांना रात्रभर ठेवून घेतले. ती दुसरी गोळी पोटात गेली असती तर काय झाले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने विचारले, "काका, गोळी साखर कमी करण्यासाठीच असते ना? मग कमी झाली तर बिघडले कुठे? आणि तुम्हीसुद्धा अष्टशील पाळता, तुम्हाला कसे काही होत नाही?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आमची जीभ अडली. मग वाचनालयातून पुस्तके आणली आणि समाजातील एका डॉक्टर बंधूंना गाठले. जे समजले ते असे.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यात पेशींची छोटी छोटी बेटे विखुरलेली असतात. 1869 साली पॉल लँगरहॅन्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने ती सूक्ष्मदर्शकातून प्रथम पाहिली, म्हणून त्यांना लँगरहॅन्सची बेटे म्हणतात. सुमारे 10 लाख बेटे, पण सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. या बेटांत ज्या बीटा पेशी आहेत, त्या इन्शुलिन तयार करतात. प्रत्येक पेशीत इन्शुलिनने भरलेल्या बारीक पुड्या असतात, सुमारे 10 हजार. कचेरीच्या जावक टेबलावर पाकिटे बंद करून, पत्ते घालून तयार ठेवलेली असावीत, तशा काही पुड्या अगदी दाराशी असतात. मात्र हुकमाशिवाय एकही बाहेर पडत नाही.

हा हुकूम देते कोण? मेंदू नव्हे, आणि कोणी अदृश्य शक्ती तर नव्हेच. रक्तातील साखर, म्हणजे ग्लुकोज, स्वतःच तो हुकूम असतो. आपण भाकरी खातो, तिचे ग्लुकोज होऊन रक्तात येते आणि रक्तातून बीटा पेशीत शिरते. तेथे ग्लुकोकायनेज नावाचे विकर बसलेले असते. बाजार समितीतल्या मापाड्यासारखे त्याचे काम. जितका माल येईल तितकेच माप पुढे जाते. साखर जास्त तर काम जास्त, साखर कमी तर काम कमी. पुढे पेशीच्या आत हे ग्लुकोज जाळले जाते आणि त्यातून एटीपी नावाचे ऊर्जेचे चलन तयार होते.

पेशीच्या आवरणावर पोटॅशियमची दारे असतात. साखर कमी असते तेव्हा ती उघडी राहतात आणि पोटॅशियमचे विद्युतभारित कण त्यांतून बाहेर झिरपतात. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा उणे सुमारे 70 मिलिव्होल्ट राहते. पेशी शांत असते. जेवणानंतर एटीपी वाढले की ते या दारांना चिकटते आणि दारे बंद होतात. पोटॅशियम आत अडकते, विजेचा तोल बदलतो. तो बदलला की कॅल्शियमची वेगळी दारे उघडतात. कॅल्शियम आत धावते, पुड्या आवरणाला चिकटून फुटतात आणि इन्शुलिन रक्तात उतरते. दाराशी तयार असलेल्या पुड्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत रिकाम्या होतात. त्यानंतर आतून आणलेल्या पुड्या सावकाश, साखर चढलेली असेपर्यंत रिकाम्या होत राहतात. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात ही पहिली लाट आधी मंदावते.

याच्या उलट, आपण अन्न घेतले नाही तर रक्तातील साखर उतरते, एटीपी घटते, पोटॅशियमची दारे पुन्हा उघडतात आणि इन्शुलिनची जावक थांबते. शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात आणि यकृत आपल्या साठ्यातील साखर बाहेर काढते. म्हणून निरोगी माणूस रात्रभर उपाशी राहिला तरी त्याची साखर बहुधा 70 ते 100 च्या दरम्यान टिकते. एक कारण दुसऱ्या कार्याला जन्म देते, आणि कारण सरले की कार्य थांबते. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये.

आता मावशींच्या गोळीकडे येऊ. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या एकाच कुळातल्या. त्या पोटॅशियमच्या त्याच दाराला चिकटतात आणि एटीपीची वाट न पाहता ते बंद करतात. भाकरी आली किंवा न आली, गोळीला त्याचे देणेघेणे नाही. साखर उतरत असताना जे दार उघडायला हवे, ते गोळी धरून ठेवते. इन्शुलिन बाहेर पडतच राहते. आणि मेंदूचा रोजचा आधार तर साखरच. ती 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड. आणखी खाली गेली की बरळणे, फिट, बेशुद्धी. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. निरोगी माणसाचे दार आपोआप उघडते, मावशींचे गोळीने लावून धरले होते.

या गोळ्यांचा जन्मच अशा प्रसंगातून झाला आहे. 1942 साली फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जानबाँ हे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देत होते. काही रुग्णांची साखर घसरून ते गंभीर झाले. तेथील ऑग्युस्त लुबातिएर यांनी कारण शोधले. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर त्या औषधाचा काहीच परिणाम होत नाही, म्हणजे ते स्वादुपिंडातूनच काम करते, हे त्यांनी दाखवले. ते दार मात्र बीटा पेशीत 1984 साली सापडले. इंग्लंडमधील फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट या विदुषीचा त्यात मोठा वाटा आहे.

यावरून कोणी गोळी फेकून देऊ नये. जन्मतः ज्यांचे हे दार बंदच होत नाही, अशी काही बाळे असतात. तो दोष 2004 मध्ये ओळखला गेला आणि पुढे त्यातील पुष्कळ मुलांची रोजची इंजेक्शने सुटून त्यांना याच कुळातली गोळी पुरू लागली. गोळी शत्रू नाही. गोळी आणि भाकरी यांची फारकत हा शत्रू आहे.

"साखरेचा आजार श्रीमंतांचा" हा समजही आता सोडला पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींवर मधुमेही आहेत. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कमी, पण चरबीच्या बाबतीत तितकी मागे नाहीत, असे त्यांना आढळले. गर्भात झालेली उपासमार पुढे मधुमेहाला वाट करून देते, असे मानणारे शास्त्रज्ञ आहेत. ज्यांच्या आजीने आणि आईने अर्धपोटी राहून शेतात आणि खडी फोडण्याच्या कामावर दिवस काढले, त्यांच्या घरात हा आजार का शिरतो, याचा एक धागा येथे मिळतो. काटकुळा माणूस सुरक्षित असतो असे नाही.

धम्माचे म्हणाल तर धम्म कोठेही आडवा येत नाही. देहदंडाने ज्ञान मिळत नाही हे ओळखून सिद्धार्थाने सुजाताची खीर घेतली. पुढे आजारी भिक्खूंसाठी तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे विकाली घेण्यास अनुमती दिली. विनयाने भिक्खूला जी सवलत दिली, ती गृहस्थाने नाकारण्यात शील वाढत नाही. अष्टशील हे देवाला केलेला नवस नव्हे. ती मनाची शिस्त आहे. आपल्या बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने ग्रासले होते. डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांचे पथ्य व औषध सांभाळत. अशा शरीराने त्यांनी 1956 साली आपल्याला धम्म दिला. त्या महामानवाचे अनुयायी म्हणून आपणही शरीराची हेळसांड करू नये.

तेव्हा विहार समित्यांना आमची विनंती आहे. अष्टशील देण्यापूर्वी मधुमेह असलेल्यांनी हात वर करावेत, असे भन्तेजींनी वा बौद्धाचार्यांनी सांगावे. कोणती गोळी, किती वाजता, याविषयी प्रत्येकाने आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. केवळ मेटफॉर्मिनची गोळी बीटा पेशीला चेतवत नाही, तिचा धोका फार कमी. पण वरील कुळातल्या गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय सायंकाळचे अन्न सोडू नये. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी पंचशील पाळावे. त्यांना कोणी उणे लेखू नये. विहारात साखरेची बरणी आणि मोजण्याचे यंत्र ठेवावे. कोणी घामाघूम होऊन बरळू लागले आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. शुद्धीवर आले तरी घरी एकटे सोडू नये, कारण गोळीचा अंमल कित्येक तास राहतो आणि साखर पुन्हा घसरू शकते.

मावशी यंदाही ग्रंथवाचनाला येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या पंचशील घेतात, सायंकाळी साडेसातला विहाराच्या ओट्यावर बसून डब्यातली भाकरी खातात आणि मग आत येऊन सर्वांत पुढे बसतात. त्यांच्या शेजारी आता आणखी दोघी डबा घेऊन बसू लागल्या आहेत.

जयभीम!