आईचा व्हिसा आणि किल्ल्यांचा जुडगा

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात, मुंबईस निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, आईने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवून माझ्या पत्नीच्या हाती दिला. कोठीची, देवघरातील कपाटाची, आण्णांच्या लोखंडी तिजोरीची आणि कशाच्या हे आता कोणालाच ठाऊक नसलेल्या दोन, अशा किल्ल्या. ‘आता तूच सांभाळ,’ एवढेच ती म्हणाली. त्रेपन्न वर्षांचा संसार एका वाक्यात हस्तांतरित झाला आणि पुढच्याच क्षणी ती अंगणातील तुळशीकडे वळली.

त्याआधीचा महिनाभर आई घर आवरत होती. तांब्याचा हंडा मावशीकडे गेला, पाटा-वरवंटा शेजारच्या काकूंकडे. भिशीतून तिने नाव काढून घेतले. महिला मंडळाच्या स्वाध्याय वर्गाची वही दुसऱ्या एका भगिनीकडे सोपवली. प्रवासाच्या दोन बॅगा मार्केट यार्डातील आमच्या दुकानी आणून हळदीच्या काट्यावर ठेवल्या. प्रत्येकी २३ किलो भरल्याचे तोलाईदाराने मोठ्याने सांगितले, तेव्हा हमालांसह सगळे हसले. मुलाखत झाली की आठ-पंधरा दिवसांत पासपोर्टवर व्हिसा उमटून येतो, असे आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी सांगितले होते. दशलक्षण पर्व या वर्षी आई अक्काकडे करणार, हे सांगलीतील आमच्या साऱ्या आप्तांना माहीत झाले होते.

अक्का माझी थोरली बहीण. पंचवीस वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. २०१८ मध्ये आण्णा गेले आणि तिने आईला कायमचे नेण्याचा विचार मांडला. पुढच्या वर्षी तिला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि ५३५ डॉलर शुल्क भरून तिने आईसाठी अर्ज केला. एकवीस वर्षांवरील नागरिकाच्या आईवडिलांना तेथे ‘निकटचे नातलग’ मानतात आणि त्या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नसते. भावंडांसाठी केलेल्या अर्जावर भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते, हे ऐकून असल्याने आम्ही स्वतःला भाग्यवान समजत होतो. मर्यादा संख्येला नसली तरी अर्ज हाताळणाऱ्या माणसांना असते, हे नंतर कळले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे वकिलातींची नेहमीची कामे थांबली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा तुंबलेल्या अर्जांच्या मागे आईचा अर्ज उभा राहिला. ते समजण्यासारखे होते. सारे जगच थांबले होते. आपण थांबलो तर त्यात विशेष काय?

मुलाखतीच्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात पाऊस होता. मला आत सोडले नाही आणि मोबाइलही नेऊ दिला नाही. त्र्याहत्तर वर्षांची आई कागदांची पिशवी छातीशी धरून एकटी आत गेली, मी छत्री घेऊन पदपथावर उभा राहिलो. दोन-अडीच तासांनी ती बाहेर आली ती हातात एक छापील चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर कलम २२१ (जी) असा उल्लेख होता आणि आणखी पुरावे सादर करावेत असे म्हटले होते. व्हिसा नाकारला असा त्याचा अर्थ घ्यायचा, पण कागद दिले तर पुन्हा विचार होईल असाही घ्यायचा. आईने मला एवढेच विचारले, ‘मी माझीच आहे हे कसं दाखवायचं रे?’

अडचण तिच्या नावाची होती. माहेरी तिचे नाव एका फुलाचे. १९६९ मध्ये लग्न झाले तेव्हा रिवाजाप्रमाणे ताटातील तांदळात आण्णांनी अंगठीने नवे नाव लिहिले, ते एका नदीचे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर फूल, पासपोर्टवर नदी, अक्काच्या जन्मदाखल्यावरही नदी. फुलाची नदी झाली, याला कागदोपत्री आधार कुठेच नव्हता. जन्माची नोंद गावच्या दप्तरात सापडलीच नव्हती आणि तसा दाखला आम्ही आधीच जोडला होता. लग्नाची नोंद त्या काळी कोण करीत होते? आता करावी म्हटले तर पती हयात नाही. कागदांची प्राथमिक छाननी अमेरिकेतील कार्यालयात झाली तेव्हा सर्व काही पुरेसे आहे असा निरोप आला होता. परंतु तेथे कागद आहेत की नाहीत एवढेच पाहतात, खरा निर्णय मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. त्या अधिकारी बाईंना मी दोष देत नाही. आईच म्हणाली, ‘फार गोड बोलली पोरगी.’

येथे वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. ज्या घरांतील मुले-मुली परदेशी आहेत, तेथील ज्येष्ठ दांपत्यांनी उभयता हयात असतानाच विवाहनोंदणी करून घ्यावी आणि सासर-माहेरची नावे वेगळी असतील तर तो बदल राजपत्रात प्रसिद्ध करून ठेवावा. जीएसटीचे विवरणपत्र एक दिवस चुकवू न देणारे आपण व्यापारी, घरातील स्त्रीचे नाव मात्र चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलेले असते आणि ते आपल्याला खटकतही नाही.

आम्ही सांगलीस परतलो. बॅगा बांधलेल्याच राहिल्या. आईने मागे सोडलेल्या जागा तोवर भरल्या गेल्या होत्या. स्वाध्यायाची वही दुसरीकडे होती, भिशी तिच्याविना सुरू झाली होती. मंदिरात भेटणारी प्रत्येक व्यक्ती ‘अजून इथेच?’ असे विचारी. विचारणाऱ्याच्या मनात काही नसे. पण काही दिवसांनी आई दर्शनास पहाटेच, कोणी येण्याआधी जाऊ लागली. स्वयंपाकघरात ती पाहुण्यासारखी वावरू लागली. डबा उघडण्यापूर्वी सुनेला विचारी. ‘उघडा की, विचारता काय?’ असे पत्नी म्हणे, तरी ती विचारीतच राहिली. ती अमेरिकेत नव्हती आणि सांगलीतही उरली नव्हती.

वाट पाहणे आम्हा हळदीच्या व्यापाऱ्यांना नवे नाही. हरिपूरच्या पेवांत माझ्या आजोबांनी वर्षानुवर्षे हळद पुरली. जमिनीखाली ती राहायची, भाव येईल तेव्हा पेव उघडायचे. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवे गेली, तो भाग निराळा. आजोबा पेवाच्या तोंडाशी बसून राहिल्याचे मात्र कोणाला आठवत नाही. ते दुकानी बसत आणि रोजचे सौदे करीत. आम्ही मात्र घरादारासह त्या वकिलातीच्या संकेतस्थळासमोर बसलो होतो. मी रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी प्रकरणाची स्थिती पाहत असे आणि रोज तोच एक शब्द वाचीत असे.

ऑक्टोबरअखेर अक्काचा मला एकट्याला फोन आला. गर्भाशयात गाठ निघाली होती, नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया ठरली होती. ‘आईला सांगू नकोस,’ ती म्हणाली आणि मग तिचा आवाज चढला. ‘तू कागदांचं काय करतोयस? दोन महिने झाले. खरं सांग, तुला आई यायला नकोच आहे.’

मी रागाने फोन ठेवला. राग यायचे कारण हे की तिचे म्हणणे पूर्णपणे खोटे नव्हते. नाव बदलाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे यांसाठी लागणारे कागद मी तीन आठवडे दुकानाच्या गल्ल्यात ठेवून दिले होते. दिवाळीची गडबड हे कारण मी पत्नीला दिले होते, स्वतःलाही. संध्याकाळी घरी परतल्यावर ओसरीवर आई दिसे आणि मला बरे वाटे, हे मी कोणाला सांगितले नव्हते. आण्णा गेल्यानंतर तीच एक व्यक्ती होती, जिच्यासमोर मी पन्नाशीतही लहान होतो.

परदेशवारीसाठी साधा पर्यटक व्हिसा काढून तिला पाठवावे असेही मनात आले. तिचा जुना दहा वर्षांचा व्हिसा संपला होता. वकिलांनी समजावले की पर्यटकाला आपण परत येणार हे पटवावे लागते आणि आईचा प्रलंबित अर्ज तर ती तेथेच राहणार असे सांगतो. एकाच तोंडाने दोन्ही सांगता येत नाही. शस्त्रक्रियेचे कारण देऊन प्रकरण लवकर निकाली काढण्याची विनंतीही आम्ही केली. पुरावे अपुरे असताना त्या विनंतीचा उपयोग होणार नव्हताच.

आईपासून लपवलेली गोष्ट आईला कळतेच. शस्त्रक्रियेच्या दिवशी न्यू जर्सीत सकाळचे साडेसात वाजले होते, सांगलीत संध्याकाळचे सहा. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण होते. पान वाढले होते, आई त्यासमोर बसली होती. पण तिने घास उचलला नाही. माळ हातात घेऊन ती देवघरात गेली. दिवस मावळला, म्हणजे आता सकाळपर्यंत अन्न नाही हे ठरले. रात्री साडेदहाला मेहुण्यांचा फोन आला: सर्व ठीक, गाठ साधी आहे. मी आत जाऊन तिला सांगितले. ‘कुणी सांगितलं तुला?’ असे विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘आठ दिवस झाले, माझ्याशी बोलताना पोरीनं कॅमेरा लावला नाही.’

दुसऱ्या दिवशी दर्शनाहून आल्यावर तिने पत्नीकडे कोठीची किल्ली मागितली. मार्केट यार्डातील एका व्यापाऱ्याचा मुलगा डिसेंबरात न्यू जर्सीस जाणार होता, त्याच्याबरोबर अक्कासाठी डिंकाचे लाडू पाठवायचे होते. पत्नीने अख्खा जुडगाच तिच्यापुढे धरला. ‘एकच दे,’ आई म्हणाली. ‘असू द्या आई, माझ्याकडनं हरवतो,’ पत्नी म्हणाली. तिच्याकडून आजवर टाचणीही हरवलेली नाही. आईने जुडगा कमरेला लावला आणि दुपारी दोन्ही बॅगा सोडून कपडे कपाटात लावले. त्या रात्री पत्नीने मला सांगितले की तीन महिने त्या किल्ल्यांचे तिला ओझे झाले होते.

मीही गल्ल्यातील कागद बाहेर काढले. आईने माळ्यावरची जुनी ट्रंक उतरवायला लावली. (त्या दोन अनोळखी किल्ल्या हिच्या असाव्यात असे मला वाटले होते, ट्रंकेला कुलूपच नव्हते.) तिच्यात आजोबांची १९६९ ची आहेराची वही निघाली, मोडीत लिहिलेली. आमचे निवृत्त दिवाणजी अजून मोडी वाचतात, त्यांनी चष्मा पुसून पान वाचले. कोणी किती आहेर दिला याची यादी, आणि खर्चाच्या बाजूस उपाध्यांना नाव ठेवण्याच्या विधीची दक्षिणा ५ रुपये, पुढे वधूचे माहेरचे नाव आणि नवे नाव. पाच रुपये कशासाठी गेले हे लिहून ठेवणारे आजोबा होते, म्हणून फूल आणि नदी एका ओळीत सापडली.

वकील म्हणाले, एकट्या वहीचा भरवसा नाही. शपथेवर सांगणारे कोणी हयात आहे का ते पाहा. यादीतील नावे आई एकेक करून वाचायला लावी आणि ‘गेले,’ ‘गेले,’ म्हणत जाई. शेवटी निपाणीजवळच्या एका खेड्यातील तिचे मामेभाऊ निघाले, वय ८६. आम्ही मोटारीने गेलो. नोटरीसमोर त्यांनी थरथरत्या हाताने सही केली आणि नंतर तासभर दोघे माहेरच्या नावाने एकमेकांशी बोलत बसले. ते नाव मी तिला कोणी हाक मारताना प्रथमच ऐकले.

जानेवारीत कागद मुंबईस गेले. पुढचे पाच महिने काहीही कळले नाही. मधल्या काळात वैद्यकीय तपासणीची सहा महिन्यांची मुदत संपली, ती मेमध्ये पुन्हा करावी लागली. परंतु या खेपेस बॅगा रिकाम्या होत्या. आईने भिशीत पुन्हा नाव घातले, ‘मध्येच गेले तर माझा नंबर हिला द्या’ असे सुनेकडे बोट दाखवून सांगितले. स्वाध्यायाची वही मात्र तिने परत मागितली नाही. ज्यांच्याकडे दिली त्या भगिनी चांगले वाचतात, असे तिचे मत पडले. संकेतस्थळ मी आठवड्यातून एकदा, रविवारी पाहू लागलो. अक्काशी माझे बोलणे हळूहळू पूर्ववत झाले. गल्ल्यातील त्या तीन आठवड्यांविषयी मी तिला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मला माहीत होतं.’

जून २०२३ मध्ये व्हिसा आला, नोव्हेंबरपर्यंत वैध. चातुर्मासात आणि दशलक्षणात आई येथेच राहिली. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या विमानतळावर, आत जाताजाता, तिच्या लक्षात आले की जुडगा कमरेलाच आहे. ‘यंत्र वाजेल रे,’ असे म्हणत तिने तो सोडवला आणि माझ्या हाती देऊन घाईने आत गेली.

पुढच्या दिवशी, सांगलीत पहाट होत असताना, अक्काचा निरोप आला: ‘आली. सूर्यास्ताआधी जेवली.’