अण्णांची सही

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग-२१ विमानांना वायुदलाने निरोप दिला, तेव्हा मी दूरचित्रवाणीसमोर एकटीच बसले होते. १९६३ साली याच चंडीगढमध्ये ही विमाने दाखल झाली होती. बासष्ट वर्षांनी तिथूनच त्यांची पाठवणी झाली. हा सोहळा ज्यांनी पाहायला हवा होता ते माझे वडील चार वर्षांपूर्वीच गेले. पाहिला असता तरी ते काही बोलले असते, असे मला वाटत नाही.

नाशिकजवळच्या ओझरला १९६४ साली मिगचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. अण्णा तिथे तपासनीस होते. दुरुस्तीला आलेले विमान उघडायचे, भाग तपासायचा, कागदावर सही करायची आणि आपल्या क्रमांकाचा शिक्का उमटवायचा, हे त्यांचे काम. तो शिक्का निवृत्तीच्या दिवशी परत करावा लागला, याचे त्यांना पेन्शनपेक्षा अधिक वाटले असावे. सही मात्र त्यांच्याकडे राहिली. ती ते घरातल्या कशावरही करत.

जुने विमान म्हणजे धोकादायक विमान, हे समीकरण त्यांना मान्य नव्हते. ‘‘विमानाचं वय वर्षांत मोजत नाहीत,’’ ते म्हणत. काही भागांचे आयुष्य तासांत मोजले जाते, काहींचे उतरण्याच्या संख्येत. प्रवासी विमानात केबिनमधला हवेचा दाब प्रत्येक उड्डाणात वाढतो आणि उतरतो. पत्रा दरवेळी ताणला जातो, सैल होतो. कॉमेट हे जगातले पहिले प्रवासी जेट १९५२ मध्ये सेवेत आले आणि १९५४ च्या जानेवारी व एप्रिलमध्ये त्यातली दोन विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. तेव्हा फार्नबरोच्या संशोधकांनी एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हापुन्हा दाब भरला आणि काढला. प्रत्यक्षातली व टाकीतली मिळून सुमारे तीन हजार उड्डाणे झाल्यावर त्याचा पत्रा फाटला. नव्या कोऱ्या, देखण्या विमानाची ही गत. आणि १९३५ साली प्रथम उडालेल्या जातीची डीसी-३ विमाने अजून कुठे कुठे उडताहेत, कारण त्यांच्या केबिनमध्ये दाब भरलेलाच नसतो. ही गोष्ट अण्णा इतक्या वेळा सांगत की आई ‘टाकी आली’ म्हणून उठून जाई.

तरीही मिग कोसळल्याची बातमी आली की घरात रेडिओ बंद होई. अण्णा वर्तमानपत्रात विमानाचा क्रमांक शोधत, जो तिथे कधीच छापलेला नसे. मग दोन दिवस ते जेवताना बोलत नसत. आपण सही केलेल्यांपैकी ते होते का, हा प्रश्न त्यांनी आम्हांला कधी ऐकवला नाही. पण तो पानावर वाढलेला असे. ‘उडती शवपेटी’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ पाहून आलो, तेव्हा नाशिकपासून ओझरपर्यंत बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत राहिले. २०१२ साली संसदेत सांगण्यात आले की चाळीस वर्षांत ८७२ पैकी ४८२ मिग विमानांना अपघात झाले आणि १७१ वैमानिक मेले. त्या दिवशी अण्णा एवढेच म्हणाले, ‘‘पोरांना मधलं विमान कुठं दिलं होतं?’’ ते खरे होते. सावकाश चालणाऱ्या प्रशिक्षण विमानावरून तरुण वैमानिक थेट तीनशेहून अधिक किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या मिगवर जात. मधल्या टप्प्यासाठी जेट हवे, अशी शिफारस १९८२ सालची. ‘हॉक’ वायुदलात आले २००८ मध्ये. परंतु हे सांगताना अण्णांचा आवाज स्वतःलाच समजावल्यासारखा येई, हेही मला ऐकू येत असे.

त्याच २०१२ मध्ये मी गाडी घेतली. महाविद्यालयातली नोकरी कायम झाली होती आणि स्कूटरवर चौघे जाण्याचे बालपण एकदाचे संपवायचे होते. एअरबॅग असलेली गाडी पाऊण लाखाने महाग होती, आणि ती सर्वांत वरच्या प्रकारातच मिळे. विक्रेता अगदी आपुलकीने म्हणाला, ‘‘मॅडम, शहरात कुठे लागते एअरबॅग? त्यापेक्षा म्युझिक सिस्टिम घ्या.’’ मी घेतली. मासिक हप्त्याचे गणित मला पाठ होते, टक्कर झाल्यावरचे नव्हते. १ जुलै २०१९ पर्यंत चालकाची एअरबॅग आपल्या देशात सक्तीची नव्हती. तोवर ती चामडी आसनांसारखीच एक हौस समजली जाई.

अण्णांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत बसले, आणि विचारले, ‘‘ही आहे का?’’ मी नाही म्हटले. त्यांनी गाण्यांचा आवाज बारीक केला.

पुढे सर्व्हिसिंगला माझ्याबरोबर तेच येत. एकदा चाकाचे नट सैल निघाले. काउंटरवरच्या मुलाला त्यांनी विचारले, हे कुणी आवळले होते? ‘‘काका, सिस्टिममध्ये असेल.’’ नाव काय? नाव नव्हते. कागदावर पाच जागी माझ्या सह्या घेतल्या होत्या. काम करणाऱ्याची एकही नव्हती. अण्णा तिथे भांडले नाहीत. त्यांना भांडायला समोर कोणी माणूसच सापडेना. त्यानंतर तक्रारीच्या दूरध्वनीवर मी जे तास घालवले त्यांचा हिशेब मी मांडत नाही. प्रत्येक वाचकाकडे असा स्वतःचा असतोच.

२०२२ मध्ये गाडी विकायला काढली, तेव्हा डाव्या कप्प्यात एक वही निघाली. रूळ मारून आखलेली पाने, तारीख, किलोमीटर, ब्रेक, टायर, तेल. प्रत्येक तपासणीच्या शेवटच्या ओळीत एकच नोंद होती : ‘चालकाची एअरबॅग – नाही. मालकास कळवले.’ खाली सही. अशा सतरा नोंदी होत्या. मला त्यांनी पहिल्या दिवसानंतर एकदाही कळवले नव्हते. किंवा सतराही वेळा कळवले होते आणि मी ऐकले नव्हते.

गाडी घ्यायला एक तरुण आला, बरोबर बायको आणि कडेवर मूल. मी त्याला एअरबॅगचे सांगितले, वहीही दाखवली. त्याने पाने चाळली.

‘‘अक्षर छान आहे हो,’’ तो म्हणाला, आणि म्युझिक सिस्टिम लावून पाहिली.