प्रीमियर रोडपर्यंत आणि परत

वरळीच्या जांबोरी मैदानाकडून आमच्या बीडीडी चाळीकडे वळले की पिंपळाच्या सावलीत एक लाल गाडी उभी दिसायची. बॉनेटचा रंग उन्हाने उडालेला, मागच्या काचेवर चाळीतल्या पोरांनी बोटांनी काढलेली चित्रे. चौदा वर्षे ती तिथे उभी राहिली. ती दुरुस्त करावी की विकावी, या प्रश्नाने २०२५ सालचा नोव्हेंबर महिना आमच्या घराने काढला. प्रश्न गाडीचा असला तरी त्यात घर, पैसा, वडिलांची आठवण आणि शेजारधर्म सगळेच आले. अनेक घरांत आज असा पेच आहे, म्हणून वाचकांपुढे हा अनुभव ठेवत आहोत.

गाडी होती फियाट कंपनीची पॅलिओ, १.६ लिटर इंजिनाची, २००२ सालची. ही गाडी २००१ साली भारतात आली तेव्हा सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता आणि त्याच्या नावाची खास आवृत्तीही निघाली होती. ज्यांना गाड्यांचे वेड आहे ते अशा गाडीला 'हॉट हॅचबॅक' म्हणतात. म्हणजे काय, तर अंगाने लहान, मागे डिकीऐवजी वर उघडणारे दार, किराणा आणि पोरेबाळे नेण्याजोगी साधी घरगुती गाडी, पण तिच्यात इंजिन मात्र दांडगे. जर्मनीच्या फोक्सवॅगनने १९७६ साली गोल्फ जीटीआय नावाची अशी गाडी बाजारात आणली आणि जगभर या प्रकाराचे नाव झाले. तिचेही इंजिन १.६ लिटरचेच होते. आमच्या पॅलिओचे इंजिन सोळा व्हॉल्व्हचे आणि शंभर अश्वशक्तीचे. घाटात दुसरा गिअर टाकला की मागे बसलेली मंडळी एकमेकांचे हात धरत.

कारकुनाला असली गाडी कशाला हवी होती, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कुर्ल्यात आहे. आमचे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात सव्वीस वर्षे कामगार होते. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जिला सारे ओळखतात ती प्रीमियर पद्मिनी इथलीच. वडील दारे बसवण्याच्या खात्यात होते. रोज पहाटे वरळीहून करी रोड स्टेशनपर्यंत चालत आणि तिथून लोकलने कुर्ला. ते निवृत्त झाले आणि पुढे त्याच कुर्ल्यात फियाटची पॅलिओ तयार होऊ लागली. हजारो गाड्यांना दारे लावलेल्या माणसाच्या घरी स्वतःची गाडी नव्हती. म्हणून २०११ साली आम्ही पतपेढीचे कर्ज काढून १ लाख १० हजारांना ही वापरलेली पॅलिओ घेतली. गाडी चाळीत आली तेव्हा वडिलांनी पुढचे दार तीनदा उघडले, तीनदा लावले, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, "दार नीट बसलंय." बाकी काही बोलले नाहीत. २०१९ साली ते गेले.

या चौदा वर्षांत गाडी एकट्या आमच्या घराची राहिली नाही. रात्री-अपरात्री कोणाला केईएमला, कोणाला नायरला न्यायचे असले की जिन्यावरून हाक येई. बाळंतिणी गेल्या, दम्याचे म्हातारे गेले, दहावीच्या परीक्षेला उशीर झालेली पोरे गेली. एका इमारतीत ८० खोल्या, म्हणजे हाकांना तोटा नाही.

आणि मग ती रात्र आली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या छातीत दुखू लागले. आम्ही नायरकडे निघालो. सात रस्त्याच्या अलीकडेच इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बसली. नशिबाने मागून टॅक्सी आली आणि वहिनींना त्यात घातले. वहिनी वाचल्या. पण त्या दहा मिनिटांत त्यांच्या मुलाने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आम्ही विसरलो नाही. जिच्यावर लोक भरवसा ठेवतात ती वस्तू भरवशाची नसेल, तर ती नसलेलीच बरी.

पुढच्या रविवारी आम्ही गाडी कुर्ल्याच्या उस्तादांना दाखवायचे ठरवले. निघताना आई म्हणाली, "मीही येते. तुझे बाबा कुठं कामाला जायचे ते एकदा बघू दे." पन्नास वर्षांच्या संसारात तिने तो कारखाना कधी पाहिला नव्हता. आम्हाला आमचीच लाज वाटली.

एल्फिन्स्टनचा पूल त्याच सप्टेंबरात पाडण्यासाठी बंद झालेला, शीवचा जुना पूल त्याच्या आदल्या वर्षी. म्हणून प्रभादेवी, माहीम, धारावी, कलानगर आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुल अशा वाटेने, दर पंधरा मिनिटांनी थांबून रेडिएटरमध्ये पाणी घालत आम्ही सीएसटी रोडला लागलो. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. दारे, दिवे, आरसे, गिअरबॉक्स यांचे ढीग. कंपनीने ज्या गाड्या कधीच्या बंद केल्या त्यांचे भाग इथे शोधले तर सापडतात. आईने गाडीतूनच एका दाराकडे बोट दाखवले, "हे पद्मिनीचं ना?" ते पद्मिनीचेच होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३ साली नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. आता ती दारे उरली आहेत ती अशा ढिगांत.

उस्तादांनी गाडी खड्ड्यावर घेतली, हातात टॉर्च घेऊन अर्धा तास पाहिली आणि कागदावर हिशेब लिहून दिला. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि पाण्याचा पंप ११,०००. पेट्रोलचे पाइप आणि रबरी भाग ४,५००. सस्पेन्शनचे आर्म, बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर १९,०००. रेडिएटर आणि पंखा ८,५००. ब्रेक ६,०००. तळाचा गंजलेला पत्रा कापून नवा लावणे १३,०००. चार टायर १६,०००. एकूण ७८,००० रुपये. "बेल्ट आधी बदला," ते म्हणाले, "चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतील आणि इंजिनच उघडावं लागेल. पत्रा समुद्राच्या हवेनं खाल्लाय. आणि हे रबर जुन्या पेट्रोलसाठी बनवलेलं आहे." पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, जुन्या गाडीतील रबरी नळ्या आणि गॅस्केट त्याने लवकर खराब होतात, हे त्यांच्याकडूनच आम्हाला नीट समजले.

तिथून गाडी प्रीमियर रोडला नेली. रस्त्याला अजून कारखान्याचेच नाव आहे, पण कारखाना नाही. त्या जमिनीवर आज कोहिनूर सिटीच्या उंच इमारती आहेत. एका म्हाताऱ्या चहावाल्याने हाताने हवेत रेघ ओढून जुन्या गेटची दिशा दाखवली. आई काही वेळ तिकडे पाहत राहिली. "एवढ्या लांब रोज यायचे होय," एवढेच म्हणाली आणि चहा मागितला.

घरी परतल्यावर आम्ही वही काढली. बी.कॉम. झालेल्या माणसाने निदान एवढे तरी करावे. वर्षाला गाडी सुमारे २,४०० किलोमीटर चालते. शहरात लिटरला नऊ किलोमीटर धरले तर पेट्रोलचे साधारण २७,५०० रुपये. इंजिन १५०० सीसीच्या वर असल्याने तृतीय पक्ष विमाच ७,८९७ रुपयांचा. किरकोळ दुरुस्ती १२,०००. ही झाली ४७,४०० च्या आसपास. त्यात ७८,००० ची दुरुस्ती पाच वर्षांत विभागली तर वर्षाला आणखी १५,६००. म्हणजे ६३,००० रुपये. याउलट तेवढेच अंतर काळ्या-पिवळ्या टॅक्सीने गेलो, तर फेब्रुवारी २०२५ पासूनच्या किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे या दराने ४९,६०० होतात. घरची गाडी टॅक्सीपेक्षा १३,४०० रुपयांनी महाग पडत होती.

त्यात सरकारी खर्च वेगळा. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आमचे नूतनीकरण २०१७ आणि २०२२ साली झाले. पुढचे २०२७ साली. ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरील मोटारगाडीसाठी हे शुल्क ५,००० वरून १०,००० रुपये झाले आहे. मेव्हणे म्हणाले, "ठेवा हो, जुनी गाडी पुढे सोन्याच्या भावानं जाते." पण केंद्राच्या २०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरील गाडी. आमच्या गाडीला त्यासाठी २०५२ साल उजाडावे लागेल.

शिवाय जागेचा प्रश्न. आमची खोली १६० चौरस फुटांची. गाडीने रस्त्यावर अडवलेली जागा सुमारे ६५ चौरस फूट. ज्या चाळीत माणसे शंभर वर्षे पाळीपाळीने झोपली तिथे एका गाडीने एवढी जागा खावी! वरळीच्या १२१ चाळींचा पुनर्विकास टप्प्याटप्प्याने होत आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमची इमारत पुढच्या टप्प्यात. आम्ही भाड्याच्या खोलीत जाऊ तेव्हा ही गाडी कुठे उभी करणार?

रात्री जेवणे झाल्यावर घरात बैठक बसली. मुलगी बारावीला, तिला नर्सिंगला जायचे आहे. मुलांची आई म्हणाली, "वर्षाला जे तेरा-चौदा हजार जास्तीचे जातात ते पोरीच्या फीला द्या. आणि दुरुस्तीचे पैसे कर्ज काढूनच आणणार ना?" मुलगा नाही म्हणाला. त्याला गाडी हवी होती, आजोबांची म्हणून. आम्हालाही हवी होती, पण ते बोलवत नव्हते. शेवटी आई म्हणाली, "बाबांची आठवण गाडीत नाही. ती अशी उभी करून गंजवू नका. ज्याला चालवता येईल त्याला द्या." निर्णय तिथेच झाला.

आता विकायची कोणाला? भंगारवाल्याने २०,००० सांगितले. ठाण्याच्या एका तरुणाने ८५,००० सांगितले. तो यंत्रशाळेत नोकरीला, घरी स्वतःची हत्यारे, या जातीच्या गाड्यांचे वेड. तो पाहायला आला तेव्हा आम्ही उस्तादांचा कागद त्याच्या हातात ठेवला. मेव्हण्यांनी डोळ्यांनी खुणावले, पण सात रस्त्याची रात्र आम्हाला आठवत होती. उद्या त्याच्या गाडीत कोणाची तरी आई बसणार. कागद वाचून त्याने भाव ६०,००० केला. म्हणाला, "काका, कागद दाखवला नसता तर मी जास्त दिले असते." आम्ही म्हणालो, "म्हणूनच दाखवला." पंचवीस हजार गेले. झोप मात्र शांत लागली.

ज्यांना असा व्यवहार करायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. नुसता स्टॅम्प पेपर करून गाडी देऊ नका. नमुना २९ आणि ३० भरून आरटीओत मालकी बदलल्याखेरीज कागदावर मालक तुम्हीच राहता, आणि अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारी येते. कर्ज फिटले असले तरी आरसी बुकावरचा बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा उतरवून घ्या. गाडी भंगारातच काढायची असेल तर नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि तिथला जमा दाखला घ्या. नवी गाडी घेताना त्यावर करात सवलत मिळते. आणि दुरुस्ती करायची असेल तर आधी ब्रेक, बेल्ट, पेट्रोलच्या नळ्या, टायर. रंग आणि सीट कव्हर शेवटी.

राहिला रात्रीच्या हाकांचा प्रश्न. गाडी विकली म्हणून शेजारी वाऱ्यावर सोडायचे नाहीत, हे आम्ही आधीच ठरवले होते. आमच्या इमारतीत दोन टॅक्सीवाले राहतात. त्यांच्याशी बोललो. रात्री दवाखान्याची वेळ आली तर जो घरी असेल तो निघेल आणि ज्या घराला भाडे जमणार नाही त्याचे मंडळाच्या फंडातून दिले जाईल. जिन्याखालच्या फळ्यावर दोघांचे नंबर आणि सरकारी रुग्णवाहिकेचा १०८ मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. अक्षर मुलीचे आहे.

डिसेंबरात गाडी गेली. जाताना मुलाने पुढचे दार तीनदा उघडून लावले. त्याला हे कोणी शिकवले नव्हते, लहानपणी त्याने पाहिले असावे. पिंपळाखालची जागा दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याच्या गाडीने घेतली. महिनाभराने आरसीवर नाव बदलल्याचा कागद आला आणि त्याबरोबर त्या तरुणाचा फोन. "काका, जय भीम. बेल्ट आणि रेडिएटर बसवला. काटा आता मधोमध राहतो." आम्ही आईला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. "दारं बघितली का त्यानं?" तिने विचारले. फोन चालूच होता. आम्ही विचारले. तो म्हणाला, "दारांना हात लावायची गरजच नाही."