लॅपटॉपची बाजू सोडताना

घरून काम करणाऱ्या बाईने लॅपटॉपच घ्यावा, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, भाषांतर अशी कामं घरी बसून करणाऱ्या नागपुरातल्या आम्ही काही बायका एकमेकींना धरून असतो. एकीकडे काम जास्त झालं की ते दुसरीकडे जातं, आणि कुणी नवीन आली की तिचा पहिला प्रश्न मशीनचाच असतो. माझं उत्तर ठरलेलं होतं. गेल्या दिवाळीनंतर मात्र मी स्वतःसाठी डेस्कटॉप घेतला, आणि आता विचारणाऱ्या प्रत्येकीला तोच घ्यायला सांगते. माझ्या शब्दावर विसंबून जिने लॅपटॉप घेतला, तिला माझं मत का फिरलं हे कळायला हवं. म्हणून हे लिहिते आहे.

लॅपटॉपच्या बाजूने माझ्याकडे भक्कम कारणं होती, आणि त्यांतली काही आजही तितकीच खरी आहेत. माझ्या कामाची सुरुवात वर्ध्याची, भारनियमनाच्या वर्षांतली. काचेचा जाडजूड मॉनिटर, पेजमेकर, श्री-लिपी आणि खाली ६०० व्हीएचा यूपीएस. त्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एवढीशी बॅटरी असते. वीज गेली की ती दहा-पंधरा मिनिटं तग धरायची, आणि तेवढ्यात फाइल सेव्ह करून मशीन बंद करायचं, एवढंच हातात असायचं. पुढे वीज परत येईपर्यंत चार-चार तास कामाला सुट्टी. लग्नानंतर नागपूरला आले आणि हातात लॅपटॉप आला तेव्हा वीज गेली तरी काम थांबत नाही, याचंच मला केवढं अप्रूप होतं. नंतर सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या खाटेजवळ कुणीतरी सतत हवं होतं. त्या सगळ्या महिन्यांत मी त्यांच्या उशाशी बसून पुस्तकं लावली, वेळेवर दिली आणि त्या कामाचे पैसे घरात आणले. डेस्कटॉप असता तर काम तरी सुटलं असतं, नाहीतर त्यांच्याकडे दुर्लक्ष तरी झालं असतं. त्या दिवसांपुरता लॅपटॉपचा निर्णय योग्यच होता, आणि त्याबद्दल मी आजही शब्द फिरवणार नाही.

मत हलायला सुरुवात झाली ती २०२० मध्ये, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. माझा नवरा नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे. सगळ्यांना पुरतील एवढे लॅपटॉप तेव्हा कुणाकडेच नव्हते, म्हणून देशातल्या बऱ्याच आयटी कंपन्यांनी ऑफिसमधले डेस्कटॉप उचलून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचते केले. तसा एक आमच्याकडे आला. आमच्या घरात धड टेबल एकच होतं, आणि डेस्कटॉप त्याच्यावर बसला.

तो जवळजवळ दोन वर्षं तिथे होता. तेवढ्या काळात त्या टेबलावर कुणी ताट ठेवलं नाही, कुणी भाजी निवडायला घेतली नाही, मुलाने दप्तर टाकलं नाही. तसा नियम कुणीच केला नव्हता. मॉनिटर, कॅबिनेट, यूपीएस आणि वायरींचा गुंता उचलून ठेवायचा म्हणजे अर्धा तास मोडणार, म्हणून ते कुणी हलवलं नाही. हलवायचं नाही हे एकदा ठरलं की घरातली माणसं त्याच्या कडेने जायला-यायला शिकतात. मी त्याच घरात, त्याच वेळात, तेवढेच तास काम करत होते. सकाळी दिवाणावर, मुलाची ऑनलाइन शाळा सुरू झाली की स्वयंपाकघरात ओट्याशी, दुपारी सासूबाई झोपल्या की त्यांच्या खोलीत. जेवायची वेळ झाली, पाहुणे आले, इस्त्री करायची झाली की मी लॅपटॉप मिटून उठायचे. सासूबाई मायेने म्हणायच्या, ‘तू काय बाई, कुठंही बसून करते तुझं काम.’ मला ते कौतुक वाटायचं, आणि त्यांच्या मनातही कौतुकच होतं. पण त्या वाक्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला होता की कामाच्या मध्येच मला उठवायला कुणालाच काही वाटत नव्हतं. दार उघडायला, गॅस बंद करायला, कुरिअर घ्यायला मीच. नवऱ्याला कुणी उठवत नसे, आणि त्याने तशी काही मागणीही केलेली नव्हती. त्याच्या मशीनने त्याची बाजू सांभाळली होती.

हे सगळं मला समोरासमोर दिसलं ते बऱ्याच उशिरा, एका प्रेसमध्ये. पुस्तकाच्या प्लेटा निघण्याआधी शेवटच्या काही दुरुस्त्या तिथे बसूनच कराव्या लागल्या. प्रेसमधल्या डेस्कटॉपवर मी माझीच पानं उघडली आणि चकित झाले. जे घरी महिनाभर डोळ्यांखालून जात होतं ते पुस्तक मला पहिल्यांदाच पुस्तकासारखं दिसलं.

यात गूढ काही नाही, साधं माप आहे. मराठी पुस्तकांचा नेहमीचा आकार डेमी १/८, म्हणजे पान साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. समोरासमोरची दोन पानं मिळून ११ इंच रुंदी होते. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा रुंदीला साडेतेरा इंचांच्या वर असतो, पण उंचीला साडेसात इंचांच्या आसपासच. त्यातली वरची पट्टी आणि खालची पट्टी वजा करा. पान खऱ्या आकारात ठेवलं तर पूर्ण मावत नाही, आणि मावेल इतकं लहान केलं तर अक्षर वाचता येत नाही. २४ इंची मॉनिटरची उंची पावणेबारा इंच आणि रुंदी जवळजवळ एकवीस इंच. दोन्ही पानं छापील आकारात समोर आणि शेजारी इनडिझाइनची सगळी साधनं उघडी, तरीही जागा उरते. डाव्या पानाची ओळ उजव्या पानाच्या ओळीसमोर बसली आहे की अर्धी सरकली आहे, परिच्छेदाची एकुलती एक शेवटची ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसली आहे का, चित्र ज्या मजकुराचं आहे त्याच्या समोर आलं आहे का, हे जोडपान एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही. घरी मी त्यासाठी प्रिंट काढायचे. म्हणजे कागद, शाई आणि एक फेरी जास्त.

आणि मराठीची स्वतःची बारीक दुखणी आहेत. जुन्या श्री-लिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘दुसऱ्या’तला र बिघडून डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘आचार्यांना’ निमंत्रण दिलं की ‘आचाऱ्यांना’, हे एवढ्याशा रेघेवर ठरतं. उकार आणि अनुस्वार तर विचारायलाच नकोत. चारशे पानांच्या पुस्तकात हे शोधायचं तर अक्षर मोठं हवं आणि भोवतालचं वाक्यही दिसायला हवं. वर्षानुवर्षं मी हे काम लहान पडद्यावर वाकून केलं, आणि त्याचा हिशेब मानेने मांडला.

मानेचं फार लांबवत नाही. फिजिओथेरपिस्टने सांगितलेली गोष्ट अगदी साधी होती. पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत हवी, आणि हात कोपरात काटकोनात राहतील अशा उंचीवर कीबोर्ड हवा. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एक नीट ठेवला की दुसरा बिघडतो. उपाय म्हणजे खाली स्टँड घ्यायचा आणि कीबोर्ड-माउस वेगळा लावायचा. मी तो केलाही. पण तो करायला टेबल लागतं, आणि रोज मांडायला-आवरायला वेळही. म्हणजे लॅपटॉप आठ तास नीट वापरायचा तर त्याचा डेस्कटॉपच करावा लागतो, हे मला त्या दिवसांत पटायला लागलं.

शिवाय आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं, आणि कूलर बंद असेल तर आमची खोली ३५ च्या खाली कधी नसतेच. त्यात गादीवर ठेवलं की तळाची हवा घ्यायची भोकं बंद होतात. मग पंखा ओरडतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि दोनशे पानांची फाइल पुढे सरकता सरकत नाही. गरमीने बॅटरीही लवकर म्हातारी होते. डेस्कटॉपलाही उकाडा आवडत नाहीच, पण त्याच्या कॅबिनेटमध्ये हवा खेळायला जागा असते. दर दोन-तीन महिन्यांनी झाकण काढून ब्लोअरने धूळ उडवली की तो पुन्हा ताजातवाना. ते मी स्वतः करते.

एवढं होऊनही मी लॅपटॉप सोडला नव्हता, कारण चालू मशीन टाकून द्यायचं कसं, हा प्रश्न होताच. तो प्रश्न बाहेरूनच सुटला. माझा लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारणपणे आठवी किंवा पुढची पिढी लागते आणि टीपीएम २.० ही. सुरक्षेची वाढीव मुदत वर्षभर मिळत होती, पण रॅम ८ जीबीची आणि तीही बोर्डावरच पक्की जोडलेली. वाढवायची सोय नाही. म्हणजे बदलायचं तर पडद्यापासून कीबोर्डपर्यंत अख्खं मशीनच बदलायचं. डेस्कटॉपमध्ये हीच वेळ आली असती तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलून मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड तेच ठेवता आले असते. मला पुढची दहा-बारा वर्षं हे काम करायचं आहे. त्या हिशेबात ही गोष्ट मोठी आहे.

डेस्कटॉप स्वस्त पडला असं मात्र मी म्हणणार नाही. मशीन, मॉनिटर, यूपीएस आणि कीबोर्ड मिळून जेवढे पैसे गेले तेवढ्यात बरा लॅपटॉप आला असता. वीजही जास्त लागते. माझा डेस्कटॉप मॉनिटरसकट साधारण १०० वॅट घेतो, लॅपटॉप चाळीसच्या आत होता. दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर २० युनिट विरुद्ध ८. बारा युनिटांचा हा खर्च मी मान्य केला आहे. वीज जाण्याची भीती आता पूर्वीइतकी राहिली नाही, कारण घरात इन्व्हर्टर आहे. तो यूपीएस मोडवर ठेवला की काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो आणि मशीन बंद पडत नाही. वर्ध्याच्या दिवसांत आमच्याकडे हे असतं तर माझं आधीचं मत तयारच झालं नसतं.

कीबोर्डवर मी जरा जास्त पैसे घातले, आणि त्याचा मला फार आनंद आहे. टायपिंग क्लासला रेमिंग्टनवर शिकलेली बोटं नंतर इनस्क्रिप्टवर वळवली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, अशी ती लय असते. लॅपटॉपची कळ दीड मिलिमीटरच्या आसपास खाली जाते, माझ्या नव्या मेकॅनिकल कीबोर्डची चार मिलिमीटर. कळ दाबली गेल्याचं बोटाला कळतं. संध्याकाळी हात दुखत नाहीत.

पण सगळ्यात मोठा फरक घरात पडला. खिडकीजवळ चार फूट बाय दोन फुटांचं टेबल सुताराकडून करून घेतलं आणि मशीन मांडलं. पहिल्याच आठवड्यात मुलाने माझ्या पाठीमागे उभं राहून विचारलं, ‘आई, तुझं काम चालू आहे का?’ लॅपटॉप मांडीवर असताना हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. सहा वाजता मी मशीन बंद करते आणि तिथून उठते. रात्री अंथरुणात प्रुफं पाहायची सवय सुटली, कारण मशीन अंथरुणात येऊच शकत नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आहे, तो मुलगा वापरतो. उद्या पुन्हा कुणाच्या उशाशी बसायची वेळ आली तर मीही वापरीन.

माझं नवं मत सध्या एका ठिकाणी अडतं आहे. आमच्यातली एक जण कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करते. दोन खोल्यांत तिची सहा माणसं राहतात. डेस्कटॉप घे, असं तिला मी कोणत्या तोंडाने सांगू? सगळा विचार करून मी तिला मिनी पीसी सुचवला आहे. तळहातावर मावेल एवढा डबा, मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसतो, वीजही कमी खातो. खाली भिंतीला लावायचं घडीचं टेबल, तीन फूट बाय दीड फूट. तिचा धाकटा दीर म्हणाला, एवढ्या खटाटोपापेक्षा लॅपटॉप घे, कुठंही बसता येईल. येत्या रविवारी सुतार माप घ्यायला तिच्याकडे येणार आहे. तिने मलाही बोलावलं आहे. हे टेबल फक्त तिच्या कामाचं असेल, हे घरच्यांसमोर बाहेरच्या कुणीतरी बोलावं अशी तिची इच्छा आहे, आणि मी ते बोलणार आहे.