मर्दपणाची पुडी

गोडादऱ्याहून माहेरी अमळनेरला निघालं, की उधन्यापासूनच रुळालगतच्या भिंती दिसू लागतात. मर्दानी ताकद, लग्नाआधी भेटा, लग्नानंतर भेटा, आणि खाली मोबाइल नंबर. आपण बायका तिकडे बघितलं न बघितलं करतो. पण भगिनींनो, हा धंदा आपल्याच मुलांच्या भीतीवर चालतो.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतली एक नवी सून माझ्याजवळ येऊन रडली. नवरा लूमवर बारा तासांची रात्रपाळी करणारा. माळ्यावर त्याने तेलाची बाटली आणि पुड्यांचा डबा लपवलेला. महिन्याचा पगार त्यात गेलेला. "काकू, मी त्यांना कधीच काही बोलले नाही हो!" म्हणाली. ती नव्हती बोलली. पण कारखान्यात दोस्त चेष्टा करत होते, मोबाइलवरचे व्हिडिओ खोटी मापं दाखवत होते, आणि घरात दर सणाला "गोड बातमी कधी?" चाललेलं. हा प्रश्न सुनेला बोचतो हे सगळ्यांना कळतं. मुलालाही बोचतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. शेवटी दोघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी आधी झोप आणि तंबाखूबद्दल विचारलं.

अशा औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. र. धों. कर्व्यांनी तर १९२७ मध्येच 'समाजस्वास्थ्य' काढून हे विषय मराठीत उघड मांडले होते. तरी भिंती रंगतातच. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो, मग तक्रार करणार कोण?

खरं तर गोष्ट साधी आहे. तेलाने किंवा पुडीने अवयवाचं माप वाढत नाही, आणि काळजी करणाऱ्या बहुतेकांचं माप चारचौघांसारखंच असतं. कमजोरी वाटली तर शुगर, बीपी तपासावं. कधी ती हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असते. काही 'देशी' पुड्यांत व्हायग्रातलं औषध गुपचूप मिसळलेलं सापडलं आहे. हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ते खाल्लं, तर बीपी एकदम उतरून जिवावर बेततं.

मुलीला काळी, जाडी म्हणू नये, हे आपल्याला हळूहळू पटलं. मुलाच्या देहालाही लाज असते. "मर्द आहेस ना, रडतोस काय?" हे वाक्य घरातून काढून टाकू या. आणि लग्नाच्या यादीत साड्या-दागिन्यांबरोबर, दोघांनी मिळून डॉक्टरांना एकदा भेटणं, हेही लिहू या.