मगरतोंडी कडी

चांदी मऊ असते असं लोक म्हणतात. असते खरी, पण पहिले काही ठोके बसेपर्यंतच. ठोकत गेलं की ती ताठ होत जाते आणि शेवटी अडून बसते. मग कितीही जोर लावा, उपयोग नाही. तिला परत विस्तव दाखवावा लागतो.

हे मी हुपरीत शिकलो. साल 1978. दहावी झालो होतो, पुढं शिकायची ऐपत नव्हती. आटपाडी तालुक्यातलं आमचं रान कोरडवाहू. आमच्याकडची पोरं गलाईच्या कामाला पार परमुलखात जायची. माझे मामा हुपरीला होते, म्हणून मी कोल्हापूरची वाट धरली. हुपरीत तेव्हा घरोघरी चांदीचं काम. बायामाणसं सोप्यात बसून पैंजणाच्या कड्या जोडायची. मामांनी विचारलं, "साखळीकामाला बसतोस का?" मी म्हणालो, "न्हाई मामा, मला ठोकीव काम शिकायचंय."

त्याला कारण होतं. आईच्या पायात भरीव कडी होती, वीस तोळ्यांची जोडी. दोन्ही टोकांना मगरीचं तोंड, गोल डोळे, दातांची रांग. लहानपणी मी त्या तोंडात काडी घालून खेळायचो. 1972 च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, आम्ही पोरं सुकडीवर जगलो. त्याच साली कडी बैलांच्या वैरणीसाठी मोडली. मोडीत फक्त वजन धरतात. त्या तोंडांचा, त्या दातांचा एक पैसा आला नाही.

मामांनी मला एका म्हाताऱ्या कारागिराकडं नेलं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पहिले सहा महिने त्यांनी मला तांबंच दिलं. तांबं स्वस्त आणि हातोडीखाली बरंचसं चांदीसारखंच वागतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तांब्याची एक कांडी मुद्दाम न तापवता ठोकत नेली. कडेला बारीक चीर पडली. ती मला दाखवून म्हणाले, "बघ लेका, हिनं आधी सांगितलं हुतं. आवाज ऐकायचा." खरंच, मऊ धातूचा ठोका बद्द येतो. ताठला की खणखणायला लागतो. आवाज बदलला की हातोडी खाली ठेवायची.

अण्णांची शेगडी अंधाऱ्या कोपऱ्यात होती. उजेडात चांदीचा रंग कळत नाही आणि डोळा फसतो. अंधारात ती मंद लाल दिसली की बास. त्यापुढं नेली तर वितळून हातची जायची. लाली उतरली की पाण्यात बुडवायची, चुर्र आवाज व्हायचा आणि ती परत मऊ.

मग चांदी हातात आली. मुशीत चांदी, थोडं तांबं, वर टाकणखार. निव्वळ चांदी फार मऊ, पायात झिजते, म्हणून तांबं. रस लोखंडी साच्यात ओतायचा. कांडी ऐरणीवर आधी चौकोनी करायची, मग आठ धारांची, मग गोल. एकदम गोल करायला गेलं तर ती वाकडीतिकडी पसरते. टोकं मात्र जाड ठेवायची, कारण तोंड त्यातनंच निघतं. छिन्नीनं जबडा फाडायचा, गोल ठशानं डोळे उठवायचे, कानशीनं दात काढायचे. खाली पडलेला चुरा कागदावर झेलायचा. राहिलेली धूळसुद्धा झारेकरी विकत नेऊन धुवायचे. शेवटी कडं रिठ्याच्या पाण्यात घासायचं.

तीन वर्षांत मजुरीतली थोडी थोडी चांदी साठवून मी आईसाठी जोडी केली. वीस तोळ्यांचीच. आईनं पायात घातली, खाली वाकून मगरीच्या तोंडात बोट घातलं आणि हसली. मी गावी परतलो. पावसाळ्यात शेती, उन्हाळ्यात ऐरण.

2003 च्या दुष्काळात जनावरं दावणीला उपाशी उभी होती. एका सकाळी आईनं आपणहून कडी काढून माझ्यापुढं ठेवली. मी हात लावेना. ती म्हणाली, "मोड. त्या साली मोडली तवा परत करणारं घरात कुणी नव्हतं. आता तू हाईस की."

मी ती तालुक्याला नेली. दुकानदारानं काट्यावर टाकली, आकडा सांगितला. घडणावळ याही वेळी धरली नाही.

पुढं पाऊस झाला, ज्वारी आली. मी परत जोडी केली, पण बारा तोळ्यांचीच. तेवढीच ऐपत होती. आता आई नाही. कडी नातीकडं आहेत. साच्यावर दाबून केलेले पोकळ दागिने आता स्वस्तात मिळतात, दिसतातही छान. तरी परवा नातीनं विचारलं, "आजोबा, हे दात कसे काढले?" मी तिच्या हातात तांब्याची कांडी दिली. पहिले पाच-सहा ठोके बद्द आले. मग ती थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आवाज बदलला."