मामा तलावांची प्रदक्षिणा

काश्मीरच्या दल सरोवरात शिकाऱ्यातून फिरून आलेले, नैनितालला बोट वल्हवून आलेले लोक आमच्या आर्णीतही आता पुष्कळ झाले आहेत. त्यांची छायाचित्रे पाहताना सौ. नेहमी एकच वाक्य बोलते : "ह्यात एवढे काय आहे? आमच्याकडे ह्याहून मोठे तलाव आहेत!" हे विधान भूगोलाला धरून नाही, पण माहेरचा भूगोल निराळा असतो, आणि शहाण्या नवऱ्याने त्यात दुरुस्ती सुचवू नये. "आमच्याकडे" म्हणजे भंडाऱ्याकडे. लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेली, तिची मुलेबाळे, मतदारयादी, रेशनकार्ड सारे आर्णीचे. परंतु पाण्याचा विषय निघाला की आर्णी एकदम "तुमच्याकडे" होऊन बसते.

तिचे अगदीच चुकते असे नाही. आर्णी अरुणावतीच्या काठी वसलेली आहे. बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यामुळे आमचे गाव चार जिल्ह्यांना ठाऊक आहे, पाण्यामुळे नव्हे. आमची काळी जमीन कापसाची आणि तुरीची. पाऊस आला तर आला. नदी श्रावणात गावाच्या अंगावर येते आणि वैशाखात ओळख देत नाही. वर दिग्रसकडे धरण झाले, कालवे आले, तरी पाणी हे वरून येते आणि खाली निघून जाते, हीच आमची शिकवण. पाणी माणसाने घरच्या गाईसारखे बांधून ठेवायचे असते, ही कल्पना तिच्या माहेरची.

"एकदा सगळे तलाव फिरवून दाखवीन," असे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हटले होते. म्हणताना मी शाळेत नवा शिक्षक होतो, सायकलसुद्धा भावाची होती. पुढे मोटार आली ती सेवानिवृत्तीनंतर, तीही मुलाने पुण्यात नवी घेतली म्हणून जुनी आमच्या दारात लावून दिलेली. आणि गेल्या वर्षी दिवाळीत जाण्याचा योग आला, तो मात्र आनंदाचा नव्हता. सौ.चा एकुलता एक भाऊ त्या वैशाखात वारला. ही त्याच्या जाण्यानंतरची पहिली भाऊबीज. ओवाळायला कोणी नाही म्हणून ही घरात बसून राहील, असे मला वाटत होते. तेवढ्यात भाच्याचा फोन आला : "आत्या, दिवाळीला येच. अन् तो हक्कसोडीचा कागदही वाचून घे."

हक्कसोडपत्र म्हणजे काय, हे वाचक भगिनींना सांगावयास नको. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीने भावाला सोडून द्यायचा, त्यावर सही करायची आणि माहेरची वाट मोकळी ठेवायची, अशी आपल्याकडची रीत. भाऊ हयात असताना त्याने कधी कागद पुढे केला नाही. आता भाच्याला सातबारा आपल्या नावावर करून घ्यायचा होता. त्याचेही चूक म्हणता येत नव्हते. सौ. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "जाऊन तर येऊ," एवढेच.

पाडव्याच्या पहाटे निघालो. यवतमाळ, कळंब, वर्धा, नागपूर हा रस्ता आता इतका रुंद आणि गुळगुळीत झाला आहे की त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही उरलेले नाही. नागपूरला एका नातलगाकडे मुक्काम केला आणि भाऊबीजेच्या सकाळी भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडली. पूल संपताच सौ.ने काच खाली केली. "वास आला का?" मी म्हटले, "कसला?" "धानाचा." मला डिझेलचा येत होता. पण पुढे साकोलीपर्यंत दोन्ही बाजूंना हलका धान कापणीला आला होता, भारी धान अजून हिरवट उभा होता, आणि दर दोन-तीन मैलांवर झाडांच्या आड एक लांबट मातीचा उंचवटा दिसे. तो उंचवटा म्हणजे तलावाची पाळ, हे मला चाळीस वर्षांचा जावई असून तेव्हा नीट कळले. कारण एरवी मी एस.टी.त झोपून जात असे.

या तलावांची हकिगत सांगण्यासारखी आहे. पूर्व विदर्भात गोंड राजांचे राज्य असताना, जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा रिवाज होता म्हणतात. कोहळी समाजाने या कामात असा हात बसवला की पाणी कोठे अडेल हे त्यांना नुसते चालत जाऊन कळे. चांद्याच्या गोंड राजाने आपल्याला काशीकडून आणले, असे ते परंपरेने सांगतात. मोठे ते तलाव, लहान त्या बोड्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पुढे मालगुजार आले. पाळीची डागडुजी, गाळ काढणे, पाण्याची वाटणी ते गावाकडून करवून घेत. सक्तीनेही घेत असतील. त्या जुन्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. जुलूम गेला हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर फावडेही गेले. पाळ सर्वांची झाली आणि कोणाचीच राहिली नाही. सरकारी कागदांत त्यांचे नाव पडले "माजी मालगुजारी तलाव". लोकांनी त्याची आद्याक्षरे उचलली आणि केले "मामा तलाव". आत्याचा नवरा म्हणून भाचा मलाही मामाजीच म्हणतो. त्यामुळे या तलावांशी माझे नाते आपोआपच जुळले.

सौ.च्या माहेरच्या वावरात एक बोडी आहे. आजोबांनी खोदलेली, खाजगी, म्हणून ती सरकारजमा झाली नाही. दुपारी आम्ही तिकडे गेलो. पाळीवर बेशरमाचे रान माजले होते. त्या निळसर-गुलाबी फुलांच्या निर्लज्ज झुडपाला हे नाव कोणी दिले त्याचे कौतुक वाटते. निम्म्या बोडीत गाळ भरून गवत उगवले होते. उरलेल्या पाण्यात दोन बगळे उभे होते, तेही परवानगी मागितल्यासारखे. सौ. पाळ चढून गेली आणि तुडूम शोधू लागली. तुडूम म्हणजे पाळीत बसवलेली पाणी सोडण्याची जागा. खाली-वर बुचे असतात, पाणी उतरेल तसे खालचे बूच काढायचे. "दादा बूच काढायचा आणि मी खाली पाटात उभी राहून पाणी आले की ओरडायची," ती म्हणाली. तुडूम सापडले, त्यात दगडमाती बसली होती.

भाचा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "आत्या, ही बुजवून टाकतो. पाऊण एकर धानाची जागा निघते. बोअर मारली आहे, बोडीचे काम काय?" हिशोब बरोबर होता. सौ. काही बोलली नाही. रात्री तिने भाच्यालाच ओवाळले, ताटात त्याने हजाराची भर घातली, आणि निघताना कागदाचा मसुदा तिच्या पिशवीत दिला. "घाई नाही," म्हणाला. पिशवीत खाली चिवडा, मध्ये कागद आणि वर स्वेटर, असा आमचा पुढचा प्रवास झाला.

नवेगावबांधचा तलाव मात्र पाहावा! अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधल्या फटी बांधांनी बंद करून तो केला. जुन्या गॅझेटियरात त्याचा परीघ 17 मैल दिला आहे. भोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात. बांध पुरा करण्याच्या कामी त्या कोलूच्या मदतीला आल्या अशी समजूत आहे. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला आणि एका टेकडीवर त्याचे ठाणे आहे. भाषणे करून मोठी झालेली माणसे आपण पुष्कळ पाहतो. मातीचा बांध घालून देव झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तलावात मध्येच मालडोंगरी नावाचे बेट आहे. सकाळी धुके उठत होते, परदेशची बदके नुकतीच यायला लागली होती, आणि पाण्याला काठ आहे हे मन मानीत नव्हते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले आणि पाखरांवर मराठीत लिहीत राहिले, यात नवल वाटले नाही. 1975 साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. आता नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प आहे. आम्हाला वाघ दिसला नाही. सौ.ला हवाही नव्हता. ती काठावरच्या ढीवर बाईशी शिंगाड्यांच्या भावावरून हुज्जत घालीत होती. दहा रुपये कमी करून घेतले आणि निघताना वीस जास्त दिले, हा व्यवहार मी शिक्षक असूनही मला समजला नाही.

त्या बाईकडून एक गोष्ट मात्र कळली. या भागातल्या काही तलावांत ढीवर बायांनीच बेशरम उपटून काढला आहे आणि तळाशी पूर्वीची पाणवनस्पती पुन्हा लावली आहे; कारण देशी मासा तिच्यातच अंडी घालतो. "गवत नसेल तर मासोळी राहील कुठे?" ती म्हणाली. सौ.ने हा प्रश्न मोटारीत बसल्यावर पुन्हा एकदा, स्वतःशीच, उच्चारला.

नवेगावबांधहून गोठणगावला गेलो. तेथे गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे, 1970 च्या सुमाराचे. हे सरकारी पाणी : सरळ भिंत, लोखंडी दारे, सूचनाफलक. जवळच तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, 1972 पासूनची. हिवाळा सुरू झाल्याने बरीच मंडळी स्वेटर विकायला शहरांकडे निघून गेली होती. एका म्हाताऱ्या आजींनी आम्हाला चहा दिला आणि हिंदीत विचारले, "कहाँ से?" सौ. चटकन म्हणाली, "भंडारा." मग माझ्याकडे पाहून, "और आर्णी."

वडसा गाठेपर्यंत रात्र झाली आणि एक चाक बसले. स्टेपनीतही हवा नव्हती; हा दोष सर्वस्वी माझा. पण झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते, तेव्हा रस्ता जागा होता. मंडईला निघालेल्या तीन पोरांनी चाक मोटारसायकलवर घालून नेले आणि दुरुस्त करून आणले. तोवर आम्ही तंबूच्या मागे उभे राहून पहिला अंक फुकट ऐकला. नाटकात भाऊ बहिणीची जमीन बळकावतो. मी सौ.कडे पाहिले नाही.

पुढले तलाव झपाट्याने झाले. नागभीडजवळचे घोडाझरी 1923 चे आणि सावलीकडचे आसोलामेंढा 1918 चे, दोन्ही इंग्रजी अमदानीतले. घोडाझरीच्या भिंतीवर बसून आम्ही चिवडा संपवला, तेव्हा पिशवीत कागद तळाला गेला. आसोलामेंढ्याला आता गोसीखुर्दच्या कालव्याचे पाणी येऊन मिळते. शंभर वर्षांचा म्हातारा नव्या नोकरीवर रुजू झाल्यासारखे वाटते. मूल, चंद्रपूर, मग वर्धा नदी ओलांडून वणी, करंजी आणि यवतमाळ. वणीच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसू लागला. मला घरी आल्यासारखे वाटले. सौ. म्हणाली, "तुमच्याकडेही बरे दिसते हो."

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने माझे लाल शाईचे पेन मागितले. हे पेन मी पेपर तपासायला वापरीत असे. मसुदा टेबलावर पसरून तिने गट क्रमांक एकेक वाचले. वावर, बांधी, घर, खळे, सगळ्यांपुढे बरोबरची खूण केली. बोडीच्या गटावर मात्र आडवी रेघ ओढली आणि समासात लिहिले, "हे सोडत नाही." नंतर भाच्याला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला असावा, कारण ही दोनदा "हॅलो" म्हणाली. शेवटी तिने सांगितले, "बाकी सगळे तुझे. बोडीत माझे नाव राहू दे, म्हणजे तुला ती बुजवता येणार नाही."

पौषात साकोलीला जाऊन आम्ही दुय्यम निबंधकांपुढे सह्या केल्या. भाचा पंधरा दिवस रुसला होता; पण उन्हाळ्यात गाळ काढून वावरात टाकला तेव्हा त्याचाच फोन आला, माती चांगली निघाली म्हणून. परवा पुन्हा आला. बोडी भरली आहे, बगळे सात झाले आहेत, तुडूमाची वरची दोन बुचे गळतात आणि गवंड्याने साडेचार हजार सांगितले आहेत.

"आत्या, बोडीत नाव आहे ना तुझे? मग निम्मे तुझ्याकडे."

सौ.ने यंदाच्या दिवाळीच्या साडीचे पैसे काढून ठेवले होते. ते पाकिटात घातले, मोजून पाहिले, आणि मला म्हणाली, "अहो, स्टेपनीत हवा भरून ठेवा."